ओळींचा डबा

लोणावळ्याच्या बाजारात तसबिरींना चौकटी लावणारा एक गृहस्थ होता. यादीतलं सगळं सामान घेऊन झालं की मी त्याच्या बाकावर टेकत असे. वर्तमानपत्रातलं चित्र तो एका कात्रीने कापी आणि त्याखालची ओळ दुसऱ्या कात्रीने. उरलेल्या ओळी बिस्किटांच्या डब्यात जात. "त्या विषयवार लावून ठेवा," असं मी सुचवलं, तर म्हणाला, "बाई, चेहरा आल्याशिवाय विषय कसा कळणार?"

एकदा जवळच्या भाजे गावचे एक आबा वर्तमानपत्र घेऊन आले. शेतकी प्रदर्शनाच्या बातमीत त्यांचा एक आणि त्यांच्या बैलाचा एक, असे दोन फोटो होते. पण खालच्या ओळींची अदलाबदल झाली होती. आबांच्या मिशांखाली छापलं होतं, "पहिल्या बक्षिसाचा बैल."

"गावात लय हसत्यात. चावडीवर जायची सोय न्हाई राहिली," आबा म्हणाले.

चौकटवाल्याने डबा उघडून आबांच्या फोटोखाली एक ओळ धरली: "नवे न्यायाधीश." आबा एकदम विद्वान दिसू लागले. मग "सुप्रसिद्ध गवई." तेच ओठ आता तान घेणार, असं वाटलं. तिसरी निघाली, "फरारी दरोडेखोर."

"ही चिकटव. बघतो आता कोन हसतंय!"

"नीट विचार करा, आबा. माझी खळ पक्की असते, निघायची नाही."

"चिकटव म्हनतो न्हवं!"

त्याने ओळ चिकटवली, काच बसवली आणि तसबीर माझ्यासमोर धरली. आबा माझ्या शेजारीच बसले होते, तरी मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.