काळ्या पडद्यावरची रेघ

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिला खिडकी नाही. रिकामी खोकी, तुटके चार्जर आणि एक स्टूल एवढंच तिथे मावतं. बाबांनी ती खोली डिस्प्ले तपासायला ठेवली आहे, कारण मोबाईलचा काळा रंग उजेडात तपासता येत नाही. दार लावायचं, पूर्ण काळं चित्र उघडायचं, ब्राइटनेस शेवटपर्यंत न्यायचा आणि बघत बसायचं.

हे बघत बसण्याचं काम माझं होतं. गिऱ्हाइकांशी बोलायला मला जमत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकातल्यासारखं येतं आणि काउंटरवरची माणसं हसतात. शिवाय शाळेपासूनच माझ्या चष्म्याचा नंबर मायनस नऊच्या पुढे आहे. चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचं तोंडही नीट दिसत नाही. पण चष्मा काढून मोबाईल नाकाजवळ धरला की त्यावरचा बारीकसा मेलेला, न उजळणारा ठिपकाही सापडतो. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या पोरीचा डोळा म्हंजे मशीन हाय." मी आत बसून ते ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. दुसऱ्या कशाबद्दल कोणी माझं कौतुक करत नव्हतं.

आईचं म्हणणं उलटं होतं. "त्या डब्यात डोळे घालून बसतीस. जातील एक दिवस, मग बसशील चाचपडत."

एलसीडी आणि ओएलईडी यांतला फरक मला त्या खोलीतच खरा कळला. एलसीडीच्या काचेमागे दिवा असतो. काळं चित्र लावलं तरी तो दिवा चालूच राहतो, पुढचा थर त्याला फक्त अडवतो. म्हणून अंधारात एलसीडीचं काळं राखाडी दिसतं आणि कडांमधून थोडा उजेड झिरपतो. ओएलईडीला मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळं म्हणजे तो ठिपका बंद. अंधारात काळं चित्र लावलेला ओएलईडी हातात आहे की नाही, हे फक्त वजनावरून कळतं.

चारठाण्याकडचे एक काका त्यांचा फुटलेला फोन घेऊन आले होते. मूळचा ओएलईडी होता, त्यांनी स्वस्तातला एलसीडी बसवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात परत आले.

"ह्यातली रात्र रात्रीसारखी दिसंना गेलीय," ते बाबांना म्हणाले. "पिक्चरमधी चोर येतोय तर आधीच दिसायलाय."

"मग बरंच हाय की काका. सावध ऱ्हाता येतंय," बाबा म्हणाले.

मी आत हसले. मग त्यांचाच फोन तपासायला घेतला. काळं चित्र लावलं आणि डाव्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ चमकून गेली.

"बाबा, डावीकडून लाईट लीक होतेय."

बाबांनी फोल्डर बदललं. आमच्याकडे काचेसकट अख्ख्या डिस्प्लेला फोल्डर म्हणतात. नव्या फोल्डरमध्येही रेघ होतीच. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या फोनमध्येही. "अख्खा लॉटच खराब आलाय का काय," म्हणत बाबांनी तो माल परत पाठवायला बाजूला ठेवला. मला काही भीती वाटली नाही. एलसीडीच्या कडेला उजेड असतोच, तो थोडा जास्त होता इतकंच. पांढऱ्या चित्रावर काळे धागे तरंगताना दिसायचे, त्यांना मी काचेखालची धूळ समजून फडक्याने पुसत राहिले.

मग एक ओएलईडी आला. दार लावलं, काळं चित्र उघडलं. हातात काहीच नसल्यासारखा अंधार झाला, आणि त्या अंधारात डावीकडे रेघ चमकली.

ओएलईडीमध्ये उजेड झिरपायला जागाच नाही. मी फोन उलटा धरला. रेघ फोनची असती तर उजवीकडे जायला हवी होती. ती डावीकडेच राहिली. मी फोन बंद करून खोक्यावर ठेवला आणि नुसत्या अंधारात डोळे फिरवले. रेघ पुन्हा चमकली.

मी दार उघडून बाहेर आले, तेव्हा बाबा कुणाला तरी टेम्पर्ड ग्लास लावून देत होते. "कसाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "ओके आहे." फोन ओकेच होता.

त्या संध्याकाळी मी इंटरनेटवर शोधलं. जे वाचलं ते इंग्रजीत होतं आणि मला सगळं समजलं, हीच अडचण झाली. मोठा मायनस नंबर, उजेडाच्या रेघा, तरंगणारे धागे आणि नंतर पडद्यासारखी सावली. शेवटच्या ओळीत डॉक्टरकडे ताबडतोब जा असं होतं. सावली मला दिसत नव्हती, म्हणून मी पान बंद केलं. सांगितलं असतं तर आईचं खरं ठरलं असतं. तिने मोबाईल काढून घेतला असता, आतली खोली बंद झाली असती आणि मी काउंटरवर उभी राहिले असते. आज हे कारण किती लहान वाटतं. तेव्हा तेच मोठं होतं.

म्हणून मी बाबांच्या पद्धतीने माझी तपासणी केली. दुकानात बिघाड शोधायची एकच रीत आहे. चांगला चालणारा पार्ट लावून बघायचा. बिघाड गेला तर दोष पार्टचा, राहिला तर सेटचा, म्हणजे मूळ फोनचा. मी माझा ओएलईडी फोन आणि बाबांचा जुना एलसीडी फोन शेजारी ठेवले, दोन्हींवर पांढरं चित्र लावलं आणि आलटून पालटून नाकाजवळ धरले. एलसीडीचा पांढरा थोडा निळसर, ओएलईडीचा थोडा पिवळट. सावली कुठेच नव्हती. रोज दुपारी मी हे करायचे आणि रोज सुटल्यासारखं वाटायचं.

एवढी साधी चूक लक्षात आली नाही. मी पडदे बदलून बघत होते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होते. चांगला डोळा दुसऱ्या डोळ्याचा दोष झाकून घेत होता.

एका दुपारी बाबांच्या सोल्डरिंगचा धूर उजव्या डोळ्यात गेला. मी तो डोळा हाताने दाबला आणि डाव्या डोळ्याने मैत्रिणीला मेसेज पाठवायला गेले. पाठवायचा बाण दिसेना. तो खाली उजव्या कोपऱ्यात असतो. तिथे काळंही नव्हतं, राखाडी काहीतरी होतं, आणि कडेला ते थोडं हलत होतं. मी बाबांचा एलसीडी उचलला. त्याचाही कोपरा गेलेला. मी काउंटरकडे पाहिलं. काउंटरचाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माणसांसमोर माझा आवाजच निघत नाही. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तो लॉट खराब नव्हता. फॉल्ट सेटमध्ये आहे."

"कोणत्या सेटमधी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी डोळ्याला बोट लावलं.

"काय झालंय, माय?"

"अर्धं दिसत नाहीये."

बाबांनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं. बोर्डावरचे बारीक सांधे बघायची गोल दिव्याची भिंगाची बत्ती त्यांनी खाली ओढली आणि माझी पापणी वर करून आत बघायला लागले. भिंगातून त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. मला समजलं की त्यांना काहीच दिसत नाहीये आणि तरी ते बत्ती सोडायला तयार नाहीत.

"डॉक्टरकडं न्या की हो," एक गिऱ्हाईक म्हणालं. "मोबाईल हाय का ती."

बाबांनी भरदुपारी शटर ओढलं.

परभणीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली आणि कपाळाला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. "कधीपासून रेघा दिसत होत्या?" त्यांनी विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. परत पाठवायला ठेवलेला माल त्यांना आठवला असणार.

"डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटायला लागलाय," डॉक्टर म्हणाले. "मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. आजच नांदेडला जा. धावपळ नको, मान सांभाळा."

मधला भाग सुटला तर दृष्टी पूर्ण परत येत नाही, हे मी वाचलेलं होतं.

आई घरून थेट स्टेशनवर आली. गाडीत मी खिडकीशी ताठ बसले, जणू डोळ्यात काठोकाठ पाणी भरलेलं भांडं आहे. प्रत्येक स्टेशनवर मी उजवा डोळा झाकून फलक वाचत होते. पूर्णेला नाव पूर्ण दिसलं. चुडाव्याला "चुडा" एवढंच दिसलं, पुढे राखाडी. मी मान किंचित वळवली, तेव्हा "वा" आला आणि "चु" पुसट झाला. मी हात खाली घेतला आणि पुन्हा तपासलं नाही.

आईला ते दिसलं असावं. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग हळूच म्हणाली, "मी तसं बोलले म्हणून झालं का गं हे?"

"नाही आई. मोबाईलनेही नाही झालं. नंबर मोठा असला की होतं कधी कधी."

"खरं सांगायलीस?"

"खरं."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते दिलं असतं तर ती तिथेच रडली असती. मी तिचा हात धरला.

ऑपरेशनमध्ये मी जागी होते. डोळा बधिर केलेला होता, दुसरा हिरव्या कापडाखाली. दोन्हीकडे काहीच दिसेना, तेव्हा मला आमच्या आतल्या खोलीतला ओएलईडी आठवला. तो अंधार मी हौसेने तपासत असे. हा अंधार संपेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि तो पडद्याला टेकावा म्हणून मला कित्येक दिवस पालथं झोपायला लावलं. उशीतून तोंड बाहेर काढलं की फक्त फरशी दिसायची. एकदा आईने माझा फोन खाली फरशीवर, बरोबर माझ्या तोंडाखाली आणून ठेवला. "बघ काहीतरी उलीसं. कंटाळली असशील."

मी उजव्या डोळ्याने तिच्या पायांकडे पाहिलं. तिने फोन तिरका ठेवायला त्याला औषधाच्या बाटलीचा टेकू दिला होता आणि तो सारखा घसरत होता.

दृष्टी राहिली. पूर्ण नाही. डाव्या डोळ्याने बघितलं की मोबाईलची सरळ कड मध्ये थोडी वाकलेली दिसते. उजव्या डोळ्यातही पडदा दोन ठिकाणी पातळ आहे, तिथे लेझर केलं आहे. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. किती दिवस, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, कायम.

गिऱ्हाइकांचे डिस्प्ले आता बाबा स्वतः तपासतात. मी काउंटरवर उभी राहते, आणि माझ्या मराठीला लोक हसतात. रोज दुकान उघडल्यावर मात्र मी आतल्या खोलीत जाते. दार लावते, माझा ओएलईडी काळा करते, एक डोळा हाताने झाकते. एलसीडी मी घेत नाही. त्याच्या कडेला थोडा उजेड असतोच, आणि मी त्यालाच दोष देईन हे मला माहीत आहे.

बाहेर बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर थांबतो.

"रेघ?" ते दाराशी येऊन विचारतात.

मी आधी डावा डोळा फिरवून बघते, मग हात बदलते. बाबा दाराबाहेर तसेच उभे असतात. उजव्या डोळ्याला मी जास्त वेळ घेते.

"नाही," मी म्हणते, आणि दार उघडायच्या आधी आणखी एकदा बघते.