गुळव्या तात्यांचा हेवा

गुळव्या तात्यांचा काचेवर, कागदावर आणि खुर्चीत बसणाऱ्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. तापमापकाची काच होती, पुण्याच्या शेती कॉलेजचा कागद होता, आणि राहात्याच्या आसपास मी ज्या गुऱ्हाळावर जाई तिथे माझ्यासाठी खुर्ची मांडली जाई.

लढाईचे दिवस होते. शेतकऱ्यांना शास्त्रीय पद्धतीने गूळ करायला शिकवावं म्हणून सरकारने मला तिकडे धाडलं होतं. उसाचा रस काहिलीत आटत आला की ती आचेवरून नेमकी कधी उतरवायची, यावर सगळा गूळ ठरतो. अंमळ लवकर उतरवली तर तो बसत नाही, उशीर झाला तर करपतो. ही वेळ माझी तापमापकाची नळी सांगे आणि तात्याही सांगत. लोक ऐकत ते तात्यांचं.

माझ्या पोटात दुखे. गुऱ्हाळाचे मालक पाटील मला खुर्ची देत, कपबशीतून चहा देत आणि तात्यांशेजारी घोंगडीवर टेकून त्यांच्याशीच बोलत बसत. एकदा मी खुर्ची सोडून घोंगडीवर जाऊन बसलो. तात्या हसले. "सायेब, तितंच बसा. खुर्ची दिली म्हंजी मानूस कामातनं बाजूला काढला, येवढं तुमच्या शाळंत शिकवलं न्हाई व्हय?"

शाळेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "शिकल्याला मानूस चुकला तरी त्याला कारन सांगता येतं. आमी चुकलो तर दुसऱ्या दिवशी कुनी बोलवत न्हाई." मला राग यायचा, कारण माझ्या वहीत अशी बरीच कारणं होती. पाटलांच्या खारवट रानातल्या उसाचा गूळ मी नळी बघून उतरवला आणि तो चार दिवस शिऱ्यासारखा लिबलिबीत राहिला, तेव्हाही मी पानभर कारणं लिहिली. तात्यांनी ढेपेत बोट खुपसलं. "तुमच्या काडीला ताप कळतो. रान कळत न्हाई."

मी नळीकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघू लागलो. त्यांचं काही तरी चुकावं, असं मला मनापासून वाटे. आणि एका दुपारी ते सापडलं. समोर ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांना दिसला नाही. ते भुईवर चाचपत होते. मग ध्यानात आलं की "रंग कसा आलाय?" असं ते मला अधूनमधून विचारत, ती माझी परीक्षा नव्हती. चुलवाणाच्या धुराने त्यांचे डोळे गेले होते.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. त्याच संध्याकाळी मी पाटलांना सांगितलं, काळजीचा सूर लावून. "म्हातारा माणूस, काहिलीत तोल गेला तर?" पुढच्या हंगामाला पाटलांनी कोपरगावकडचा तरणा गुळव्या आणला. तात्यांना कुणीच बोलावलं नाही. माझी नळीही कुणी मागितली नाही.

त्या हंगामात एके सकाळी तात्या काठी टेकत माझ्या बिऱ्हाडी आले. "चला, गुऱ्हाळावर न्या मला." आम्ही काहिलीपासून दहा हातांवर बसलो. "डोळं मिटा," ते म्हणाले. मी मिटले. "रस उकळताना भडभडतो. आता ऐका, आवाज बारीक झाला. आता पुटपुटाय लागला. आलं का ऐकू?" मला जाळाच्या आवाजाखेरीज काही ऐकू आलं नाही.

"उतरवा," तात्या हळूच म्हणाले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. थोड्या वेळाने तरणा गुळव्या ओरडला, तेव्हा गडी धावले. निवायला वाफ्यात ओतलेला गूळ मी पाहिला. काळपट होता.

"कसा झाला?" तात्यांनी विचारलं.

"करपला."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. बांधापर्यंत आलो तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "तात्या, तुमच्या डोळ्यांचं पाटलांना मीच सांगितलं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं येवढं बघत दुसरं कोन हुतं?"