कापसाच्या खोलीतला सबवूफर

त्या वर्षी भाव पडला म्हणून आम्ही कापूस विकला नाही, माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत टेबल-खुर्चीपुरती जागा सोडून छतापर्यंत भरून ठेवला. तेव्हाच मी जुने स्पीकर काढून स्टुडिओचे मॉनिटर स्पीकर आणले आणि टेबलाखाली सबवूफर, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा मोठा डबा, बसवला. काय आवाज! तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की डग्गा थेट पोटात घुमायचा, पण भिंत हलत नव्हती. सगळा घुमारा तो कापूसच पिऊन टाकायचा.

भाव चढू नये म्हणून देवाला नवस बोलणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. तरी तो चढला.

"गाडी बोलावते," बायको म्हणाली.

"थांब ना, अजून चढंल."

"भावासाठी थांबून राह्यले, का त्या डब्यासाठी?"

खोली रिकामी झाली. मी ऐटीत तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि स्वयंपाकघरातली भांडी नाचत फळीवरून खाली आली.

चेपलेली परात घेऊन बायको दारात उभी. "पुढच्या साली कितीबी भाव येऊ द्या, कापूस हालू देत नाही मी!"