चौकट माझीच होती

ग्रुपवर आईचा फोटो आला. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या साडीत सरबत वाटताना कुणीतरी काढलेला. वर पिवळी अक्षरं: 'फुकट खाणाऱ्यांना ओळखा.' खाली दात काढणाऱ्या इमोजींची रांग. मी कामावर, फ्लेक्सच्या दुकानात डबा खात होतो. घास तोंडातच राहिला.

माझी आई पंचवीस वर्षं नौपाड्यातल्या एका दवाखान्याच्या लाद्या पुसते. म्हणे फुकट!

आणि ती चौकट माझीच होती. लाल बॉर्डर, पिवळा फॉन्ट, सगळं मीच बसवलेलं.

दुकानात मला 'ए' म्हणून हाक मारायचे. ग्रुपवर 'आर्टिस्ट'. त्या एका शब्दावर विकला गेलो मी. आधी क्रिकेटचे जोक. मग इतिहास, कुणीतरी दडवलेला म्हणे. मग रोज सकाळी ॲडमिनदादाचं 'आजचं काम'. मी आडनाव लावलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मला वाटलेलं, इथे जात नाही. डोंबल!

ती चौकट मी पहिल्यांदा केली आमच्या विठ्ठलवाडीतल्या सलीमचाचांसाठी. टेलर आहेत. शाळेचा पहिला युनिफॉर्म त्यांनीच शिवलेला माझा. ते मशीनवर वाकलेले असताना मी गुपचूप फोटो काढला. 'यांना ओळखा. यांच्याकडे जाऊ नका.' ग्रुप म्हणाला, कडक! मी फुगलो. चाचांचं गिऱ्हाईक तुटलं, तेव्हाही मी हसलेलो. लाज वाटते सांगायला. पण सांगतोय.

मी टाइप केलं, 'ती माझी आई आहे.' खाली पूर्ण नाव. आडनावासकट.

दादाचं उत्तर आलं: 'अरे, आधी बोलायचं ना भावा. तू त्यांच्यातला वाटत नाहीस. फोटो बदलतो. चौकट भारी आहे, ती राहू दे.'

फोटो बदलतो. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आई.

मी लिहिलं, 'चौकट पण माझी आहे. देणार नाही.' मिनिटभरात मला काढून टाकलं.

संध्याकाळी चाचांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "चाचा, तो फोटो मी काढलेला."

"माहितीये. त्या दिवशी दुकानात तूच होतास."

चाचांनी परत मशीन चालू केली. माफी मागायला मला तोंड नव्हतं, आणि त्यांनी ती दिलीही नाही. बरंच केलं.

मी बनवलेली एकेक पोस्ट आता आमच्या वस्तीच्या ग्रुपवर टाकतोय, पूर्ण नावानं. 'हे खोटं आहे. हे मी बनवलं.' शिव्या येतायत. येऊ देत.

आईला अजून माहीत नाही. आज सांगणार. तिचा फोटो नंतर दाखवीन. आधी चाचांचा.