कटिंग बाकी असलेला स्वेटर

मी सरलाबाईवर लिहितेय हे कळल्यावर आमच्या संघटनेतल्या एकीने विचारलं, "तिच्यावर काय अन्याय झाला?" माझं डोकंच फिरलं. अन्याय झाल्याशिवाय बाईवर लिहायचं नाही असा कायदा आहे का? सरलाबाईने एक स्वेटर विणला, म्हणून लिहितेय. ज्याला कमी वाटेल त्याने पान उलटावं.

सुरतेला कोसाडच्या सरकारी आवासात ती माझ्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहते. माहेर अमळनेरजवळचं, नवरा भिकन लूमवर. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, भांडणात हिंदी, असा तिचा हिशोब. आणि काम धागा कटिंगचं. सुरतेत हे काम घरोघरी चालतं, पण साडी नेसणारीला त्याचा पत्ता नसतो, म्हणून सांगते. जेकार्डच्या, म्हणजे मशीनवर फुलं विणलेल्या साडीवर जिथे फूल दिसतं तिथे रंगीत धागा वर आलेला असतो. दोन फुलांच्या मधे तोच धागा साडीच्या पाठीमागे मोकळा लोंबत राहतो. ते लोंबते धागे कात्रीने कापायचे. कात्रीचं टोक केसभर खाली गेलं की साडीला भोक, आणि शेठची बोलणी. सरलाबाई आणि तिची शेजारीण उषाबाई, दोघी गॅलरीत समोरासमोर बसून वर्षानुवर्षं हेच करत आल्यात. बोलता बोलता, न बघता, कचाकच.

त्या कामाने सरलाबाईला एक खोड लागली. कोणतंही कापड हातात आलं की आधी ते उलटं करून बघायचं. एका लग्नात तिने नवरीच्या शालूचा काठ उलटून पाहिला होता आणि मोठ्याने म्हणाली होती, "कटिंग कच्चं आहे." नवरीची आई अजून तिच्याशी बोलत नाही.

आता माहेरचं सांगते. सुरतेत स्वेटर कोण बाळगतो? पण पौष महिन्यात खान्देशात पहाटे उतरा, दातावर दात वाजतात. सरलाबाई दर हिवाळ्यात माहेरी जायची ती पदर गुंडाळून. स्टेशनवर तिची मोठी वहिनी चंचल उभी असायची, हातात आपला जुना मातकट स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. "उनी का सुरतवाली उघडी? घाल व, घाल." उनी म्हणजे आली. वहिनीबरोबरच्या बायका हसायच्या. वहिनी मनाने वाईट नाही. पण दरवर्षी तोच स्वेटर, तेच वाक्य, तेच हसणं. परत निघताना सरलाबाई तो धुऊन, घडी करून देऊन यायची. मला एकदा म्हणाली, "ताई, हजारो साड्या माझ्या हाताखालून गेल्या. लोकांच्या. आणि माहेरी मी वहिनीच्या उतरलेल्या कपड्यात फिरते."

एवढं बोलून तिने पुढची साडी मांडीवर ओढली.

दिवाळीनंतर आमच्याकडे तिबेटी लोक स्वेटरचा बाजार मांडतात. आम्ही दोघी नुसत्याच बघायला गेलो. एका दुकानात डाळिंबी रंगाचा हातविणीचा स्वेटर टांगलेला, छातीवर पांढऱ्या फुलांची ओळ. सरलाबाईने सवयीप्रमाणे तो उलटा केला. मागे सगळे धागे आडवे, लोंबते, जसेच्या तसे.

"बहनजी," ती दुकानदारणीला म्हणाली, "माल अधूरा है. कटिंग बाकी है."

ती बाई हसून हसून स्टुलावर बसली. "दीदी, ये धागा काटोगी ना, तो फूल गिर जाएगा. ये कटिंग का माल नहीं है. ये धागा फूल को पकड़ के रखता है."

सरलाबाईने मागची बाजू पुन्हा पाहिली. पुढची पाहिली. परत मागची. कोसाडला रिक्षातून उतरताना म्हणाली, "ताई, हे मी करणार."

साधं विणकाम तिला शाळेत थोडं शिकवलेलं होतं, सुलट-उलट टाके एवढंच. दोन रंगांचं ती मोबाइलवरून शिकली. कुठल्यातरी परदेशी बाईचे व्हिडिओ. तिची भाषा कळत नव्हती, म्हणून सरलाबाईने आवाजच बंद केला आणि नुसते हात बघितले. डाळिंबी लोकर उजव्या हातात, पांढरी डाव्या हातात. एक रंग टाक्यात विणला जातो तेव्हा दुसरा मागून चालत राहतो. दोन्ही गुंडे एकमेकांत अडकायला लागले, तेव्हा तिने एक पातेल्यात ठेवला आणि एक डब्यात. पातेलं उजवीकडे, डबा डावीकडे. घरातल्यांना त्या दिवसापासून वरण दुसऱ्या भांड्यात.

पहिला तुकडा आकसला. पापड तव्यावर टाकल्यावर कसा गोळा होतो, तसा. दुसराही तसाच. चूक तिची तिलाच सापडली. धागा कापायचा तर आधी बोटाने ताणून धरावा लागतो, आणि तिचं बोट दर वेळी मागचा धागा ताणत होतं. जन्मभर ज्या बोटाने ढिला धागा म्हणजे शत्रू मानला, त्याला आता सांगायचं, बाबा, ढील दे. रंग बदलण्याआधी सुईवरचे टाके पसरवायचे, मग मागचा धागा आरामात जाऊ द्यायचा. लांबचा पल्ला असेल तर मधे एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवायचा, म्हणजे लोंबणार नाही. ती विणता विणता स्वतःच्याच बोटाला शिव्या द्यायची. "सोड ना मुडद्या, सोड!"

भिकनभाऊंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "सुरतमा स्वेटर? कसाले व? उद्या घरात छत्री उघडून बसशील." महिन्याभराने फुलांची ओळ पहिल्यांदा सरळ उतरली तेव्हा लूमवरून आलेला हा माणूस बूट न काढता तिच्यासमोर उकिडवा बसला, सुयांकडे बघत. "मशीनला हजार दोऱ्या लागतात," म्हणाला, "आणि हिचं दोन काड्यांवर चाललंय." मग दिसेल त्याला सांगत सुटला की माझ्या घरात चालतं-बोलतं जेकार्ड आहे.

बिल्डिंगमधल्या बायकांचा एकच प्रश्न. "एकाचे किती देतात?" खरं सांगते, माझ्याही डोक्यात आलं होतं. मी म्हटलं, "सरलाबाई, दहा जणींना शिकव, गट काढू, ऑर्डर आणू." तिने सुई खाली ठेवली. "ताई, मोर्चाला बोलावलं, आले. ऑफिसला बोलावलं, आले. हे सोडून बोला. याला भाव नाही लावायचा. हे माझ्या अंगासाठी आहे." मला गप्प करणारे सुरतेत फार नाहीत.

भावाच्या मुलाचं लग्न पौष संपताच, माघ लागल्या लागल्या होतं. त्याच्या आठ-दहा दिवस आधी स्वेटर पुरा झाला. अंगभर डाळिंबी, लांब बाह्या, छातीवरून पाठीपर्यंत गोल फिरलेली पांढऱ्या फुलांची ओळ. सरलाबाईने तो हलक्या हाताने धुतला आणि ऊन लागून रंग उडू नये म्हणून उलटा करून गॅलरीत पसरला. मग रेशनला गेली.

आता उषाबाई. ती दोन महिने लेकीच्या बाळंतपणाला नवापूरला होती. स्वेटर, तिबेटी बाई, व्हिडिओ, यातलं तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याच दिवशी सकाळी ती परत आली. पिशव्या ठेवल्या, गॅलरीत आली, तर समोर मैत्रिणीच्या दोरीवर उलटा पसरलेला माल, आणि मागे हे एवढे धागे लोंबतायत. तिला वाटलं, सरलाला एकटीला कामाचा उरक होत नाहीये. आपण नव्हतो ना, म्हणून.

तिने कात्री घेतली आणि बसली.

सरलाबाई आणि मी जिन्यातून बरोबरच वर आलो. उषाबाई उठून उभी राहिली. तोंडावर एवढं हसू. "तुले येळ नही व माय, म्हनीसन मीच करी टाकं. कोणत्या शेठचं आहे गं हे? नवीनच माल दिसतो." तिच्या पायापाशी डाळिंबी-पांढऱ्या धाग्यांचा ढीग.

सरलाबाईने स्वेटर तिच्या हातातून घेतला, सुलटा केला. फुलं जागेवर होती. तिने अंगात घालायला तो ताणला मात्र, एकेका फुलाचं तोंड उघडलं. टाके घरंगळायला लागले. पुढे, पाठीवर, सगळीकडे.

माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "अक्कल आहे का उषाबाई? विचारायचं नाही? दुसऱ्याच्या वस्तूला..."

"ताई, थांबा," सरलाबाई म्हणाली. तिने स्वेटर पुन्हा उलटा केला होता आणि मागची बाजू डोळ्याजवळ धरून बघत होती. बोट फिरवत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग म्हणाली, "तिला बोलू नका. कटिंग बघा. एक टाका कापला नाही हिने. लोकरीवर! पहिल्यांदा हात लावला आणि एक टाका नाही कापला."

उषाबाईला तोवर कळलं होतं. ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. सरलाबाई तिच्या शेजारी बसली. दोघी रडल्या. मग त्यातच सरलाबाईला हसू आलं. "अगं, मीपण त्या तिबेटीणीला हेच म्हटलं होतं. तिने मला कात्री दिली असती ना, तर तिचं दुकान उठलं असतं."

रडणं-हसणं झालं, पण लग्न पुढे ढकललं जाणार नव्हतं. फुलांच्या ओळीपर्यंत वरचं सगळं उसवावं लागणार होतं. ओळीतल्या लोकरीचे तर नुसते तुकडे. पांढरी शिल्लक होती, डाळिंबी संपली होती. मी बाजारात जाऊन दुसरी आणली. सरलाबाईने ती उन्हात स्वेटरला लावून धरली. "ताई, हा दुसरा लॉट आहे. एका छातीवर दोन घरचे रंग दिसतील."

"कोण बघतंय एवढं?" मी म्हटलं.

"मी बघते ना."

भिकनभाऊ म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी घाल. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. बाह्यांची शिवण शोधली, उसवली, आणि बाहीचं टोक उषाबाईच्या हातात दिलं. "ओढ. गुंडा कर."

"बाह्या व?" उषाबाई घाबरली.

"ओढ म्हणते ना."

उषाबाई ओढत गेली, गुंडाळत गेली. पुढचा सगळा आठवडा तिने स्वतःच्या कामाबरोबर सरलाबाईच्या वाटच्या साड्याही कापल्या, आणि सरलाबाई समोर बसून विणत राहिली. एकीची कात्री, एकीच्या सुया. फक्त एक अट होती. सरलाबाई पाणी प्यायला उठली तरी उषाबाईची कात्री बरोबर घेऊन जायची. "भरवसा आहे गं तुझ्यावर," म्हणायची, "तुझ्या हातावर नाही."

बोट यावेळी ताणलं नाही. दुसऱ्यांदा विणलेली ओळ पहिलीपेक्षा सरस झाली, हे मी तिला खूश करायला म्हणत नाही. मला कुणाला खूश करायची सवय नाही.

धुळ्याला आमचा मेळावा होता, म्हणून मी त्यांच्याच गाडीने निघाले. भिकनभाऊ दोन पिशव्या आणि आहेराची साडी सांभाळत होते. अमळनेरला उतरलो तेव्हा उजाडत होतं. प्लॅटफॉर्मवर माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी शाल डोक्यावरून घेतली. सरलाबाईने काही घेतलं नाही. हिरवी साडी, त्यावर डाळिंबी स्वेटर, छातीवर पांढरी फुलं, आणि ब्लाउजच्या बाहीखाली दोन्ही हात उघडे.

चंचल वहिनी ठरल्या जागी उभी, हातात मातकट स्वेटर. बरोबर तीन-चार बायका. तिचं वाक्य ओठापर्यंत आलेलं मला दिसलं. "उनी का सुरत..." आणि ती थांबली. जवळ आली. स्वेटरवरच्या फुलांना हात लावला.

"कठून आनं व हाई?"

"हाऊ मना हातना शे," सरलाबाई म्हणाली.

वहिनीचा विश्वास बसेना. तिने खालची कड धरून स्वेटर उलटून बघितला. "मागे धागे ऱ्हायनात व."

"ऱ्हाऊ द्या वहिनी. ते तसेच लागतात. त्यांनीच फूल धरलंय."

"आनि बाह्या?"

सरलाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "बाह्या फुलांमा गयात."

मागच्या बायका हसल्या, पण यावेळी त्या वहिनीच्या बाजूने हसल्या नाहीत. वहिनीही हसली. मग तिची नजर उघड्या हातांवर गेली. थंडीने त्यांवर काटा उभा राहिलेला, मनगटापर्यंत. तिने जुना स्वेटर पुढे केला. "थंडी वाजस ना? वरतून घाल."

"नही वाजत."

"अगं, काटा दिसतोय अंगावर."

"नही वाजत म्हणते ना. तुम्ही घाला वहिनी, तुमच्या अंगात गरम काही नाही."

आणि खरंच, वहिनी एका पातळ चादरीत कुडकुडत होती. तिने हातातला स्वेटर आपल्याच अंगात चढवला.

मग आम्ही निघालो. सरलाबाई सगळ्यांच्या पुढे. एवढी थंडी की माझी बोटं शालीतही वाकत नव्हती. कुणीही अशा वेळी हात छातीशी आवळून घेतो. पण छातीवर फुलं होती. बाहेर रिक्षापर्यंत ती दोन्ही हात सरळ सोडून चालली, आणि रिक्षा सुटेपर्यंत तिने हाताची घडी घातली नाही.