पिशवी खाली ठेवायची जागा

दुकान कुठं टाकावं याबद्दल आमच्या ह्यांचं एकच शास्त्र होतं: जिथं माणसं दिसतील तिथं. त्या शास्त्रापायी दुष्काळात अहमदपुरात ह्यांनी शिलाईचं दुकान टाकलं ते पाण्याचा टँकर थांबायचा त्या वळणावर. सगळा मोहल्ला तिथं उभा, मग गिऱ्हाईक जाईल कुठं? गंमत म्हणजे ते चाललंही. घागर खाली ठेवून रांगेत थांबलेल्या बायका फाटकी लुगडी, पोरांच्या चड्ड्या सांधायला द्यायच्या. मग पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, टँकर बंद पडला आणि त्या वळणावर कुत्रंही फिरकेना. गाव आनंदात आणि आमच्या घरी सुतक लागल्यागत. मला राग आला होता, हसूही येत होतं.

पुढची वर्षं ह्यांनी नांदेडला दुसऱ्याच्या दुकानात काढली. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा शास्त्र पुन्हा उफाळून आलं.

"आता समदे लातूरला येणार. नव्या हापिसासमोर जागा बघतोय," हे म्हणाले.

थोरल्या दिरांनी मात्र बजावलं होतं, हेही दुकान बसलं तर मुकाट गावी या आणि शेतात राबा. म्हणजे हे भावाच्या हाताखाली आणि मी जावेच्या चुलीपुढं. जावेशी माझं वैर नव्हतं, पण तिच्या घरात भाजीत मीठ किती हेसुद्धा तीच ठरवायची. मला माझी चूल हवी होती.

"या वक्ताला जागा मी बघणार," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय धंद्यातलं?"

"टँकर कधी ना कधी बंद हुतो, एवढं कळतंय."

कचेरीसमोर मी बसून पाहिलं. माणसं ठेवणीतले कपडे घालून यायची, हातात अर्ज, जीव मुठीत, नजर दारावरच्या शिपायावर. तिथं चहा खपला असता, शिलाई नाही. मग मला नादच लागला. बाई दुकानाकडं बघते कधी? अहमदपुरात डोईवर घागर असलेलीनं आमच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. बघायची ती घागर खाली ठेवलेली. म्हणून मी भाजीबाजारातून निघालेल्या बायकांच्या मागं मागं चालू लागले. एकीनं तर मला चोर समजून पिशवी छातीशी धरली. पण बाजाराच्या थोडं पुढं, चढ लागायच्या आधी, एका कडुलिंबाखाली बहुतेक जणी थांबायच्या. पिशवी खाली ठेवायची, पदरानं घाम पुसायचा आणि इकडंतिकडं बघायचं. तिथलीच खोली आम्ही भाड्यानं घेतली.

बायका थांबल्या. दारात टांगलेलं पोलकं त्यांनी न्याहाळलं आणि पिशवी उचलून निघून गेल्या. रोज तेच.

"जागाच खोटी हाय," हे म्हणू लागले. "दादाला निरोप धाडतो."

शेवटी पिशवी टेकवून उभ्या असलेल्या एका बाईला मी सरळ विचारलं, आत का येत नाही म्हणून.

"शिवायचं लई हाय गं. पर मापाचं पोलकं घरी हाय. भाजीला निघताना ते कोण संगं घेतंय?"

"मग हितंच माप द्या की."

तिनं मशीनवर बसलेल्या ह्यांच्याकडं पाहिलं आणि पदर ओढून घेतला. "बाप्याला?"

बायका कुठं थांबतात हे मी इतकं पाहिलं होतं, आणि हे मला सुचलं नव्हतं. अहमदपुरात हे कधी अडलं नव्हतं; फाटकं सांधायला माप लागत नसतं. मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, "माप मी घेते." बायकोला दुकानात बसवलं तर भाऊबंद काय म्हणतील, ते ह्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. बाहेर ती बाई पिशवी उचलायला वाकली होती.

ह्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली. मग स्वतः बाहेर गेले आणि दुकानाकडं पाठ करून कडुलिंबाखाली उभे राहिले.

"या ताई, आत या," मी हाक मारली. आता गावी जायचं नाही, हे मला ह्यांच्या त्या पाठमोऱ्या उभं राहण्यावरून कळलं.