मानसीच्या मनगटाचा दोरा

भांडुपच्या त्या चाळींमध्ये कुणाचं डोहाळजेवण ठरलं, की पहिला फोन प्रेमा राणेला जायचा. मोगऱ्याची कंकणं, निशिगंधाचे बाजूबंद, शेवंतीचा कमरपट्टा घडवावा तो तिनंच. बाई तोंडाची फटकळ, पण हातात काय कला! आठवडाभर आधी ती पोटुशीच्या मनगटाला दोरा गुंडाळायची, मापाला गाठ मारायची आणि त्यावर कंकण बेतायची.

एकच गोष्ट तिला करू देत नसत. बायका ओटी भरायला उठल्या की प्रेमा मुकाट्यानं दाराशी जाऊन बसायची. तरुणपणी बाळंतपणात तिला झटके आले, बाळ गेलं, पुन्हा कूस उजवली नाही. ओटी म्हणे लेकुरवाळीनंच भरायची. आग लागो असल्या रीतीला!

मानसीच्या डोहाळजेवणाला घर माणसांनी फुलून गेलं होतं. आठवा महिना, हिरवी साडी, सासू द्रौपदीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. प्रेमानं कंकण मनगटाला लावलं, तर टोकं जुळेनात. तिनं पिशवीतून आठवड्यापूर्वीच्या मापाचा दोरा काढून मनगटाला गुंडाळला. टोक गाठीपर्यंत पोचेना, बोटभर जागा उरली.

"सूनबाईंनी श्रीखंडावर हात मारलेला दिसतोय!" कुणीतरी म्हणालं. द्रौपदीही हसली. "अगं, सूज आली म्हणजे दिवस भरत आले."

प्रेमाच्या काळजात मात्र चर्र झालं. झटके यायच्या आधी तिच्या हातातही हिरवा चुडा असाच रुतला होता, आणि तेव्हाही सगळे हसले होते.

"मानसी, डोकं दुखतंय?"

"सकाळपासून. मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"ऊठ! रिक्षा बोलवा रे कुणीतरी!"

"ओटी भरायच्या आधी उठवतेस?" द्रौपदी कडाडली. "तुला काय कळणार गं लेकराबाळांचं!"

प्रेमाला ते शब्द फार लागले, डोळे भरून आले. पण मानसीचा हात तिनं सोडला नाही. "मला शिव्या हॉस्पिटलात घाल. तूही चल."

हॉस्पिटलात मानसीचा रक्तदाब बघून डॉक्टर प्रांजल यांचा चेहराच बदलला. "तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया आहे, गरोदरपणात रक्तदाब धोक्याइतका चढतो तो आजार. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन देतेय. बाळ आजच बाहेर काढावं लागेल." मग त्यांनी मानसीला विचारलं, "आमचं एक संशोधन चालू आहे. त्यासाठी नळीभर जास्तीचं रक्त देशील? नाही म्हणालीस तरी उपचारात फरक नाही."

"अडलेल्या पोरीचं रक्त काढता?" द्रौपदी उसळली.

"काकू, आपल्या अंगात एक पहारा असतो, बाहेरचं काही आलं की हाकलणारा. बाळही निम्मं बाहेरचंच, बापाकडचं. तरी पहारा त्याला सांभाळून घेतो. काहीजणींत त्याचं बिनसतं, आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात. त्यांवरून आईचं आणि बाळाचं पुढे काय होणार हे आधी कळेल का, ते शोधतोय."

प्रेमा टुणकन उठली. "म्हणजे सूज यायच्या आधीच सांगणारा दोरा!"

"सापडला तर," डॉक्टर हसल्या. "अजून शोधतोच आहोत."

"घ्या हो," मानसीनं हात पुढे केला. "एवढ्या सुया टोचल्या, त्यात एक अजून."

मग ऑपरेशनच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला, मांजराच्या पिल्लाएवढा. मुलगी! प्रेमानं अशी आरोळी ठोकली की वॉचमन धावत आला. पोर काचेच्या पेटीत राहिली, ग्रॅमाग्रॅमानं वाढली. मानसीचा रक्तदाबही हळूहळू उतरला.

बारसं उशिरा झालं, पण काय दणक्यात! प्रेमानं मानसीच्या मनगटाला तोच जुना दोरा लावला. टोक बरोब्बर गाठीवर आलं. "झकास!" ती ओरडली. बाळासाठी तिनं चार कळ्यांचं कंकण आणलं होतं.

बायका ओटी भरायला उठल्या. सवयीनं प्रेमा दाराकडे वळली, तर द्रौपदी खण-नारळ घेऊन आडवी उभी.

"कुठं निघालीस? त्या दिवशीची ओटी राहिलीय ना? पहिली तू भर."

मानसीनं पदर पसरला. प्रेमानं तांदळाची ओंजळ शिगोशीग भरून उचलली, तर निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. द्रौपदीनं खाली वाकून ते वेचले आणि पुन्हा तिच्याच ओंजळीत घातले.